उतारवयातील परदेशी मुक्काम : थायलंडमध्ये शहर निवडताना

१९८६ साली जपानच्या व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने एक अजब वाटावी अशी योजना मांडली. निवृत्त जपानी नागरिकांनी महागड्या मायदेशात राहण्यापेक्षा स्पेन, ऑस्ट्रेलिया यांसारख्या उबदार देशांत जाऊन आपले उतारवय घालवावे, अशी ती कल्पना होती. 'सिल्व्हर कोलंबिया' असे तिचे नामकरणही झाले होते. हा तर म्हातारी माणसे निर्यात करण्याचा उद्योग झाला, अशी टीका सुरू झाली आणि योजना मागे पडली. कल्पना मात्र मेली नाही. १९९२ मध्ये जपानमध्ये 'लाँगस्टे फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली. कायमच्या स्थलांतराऐवजी 'दीर्घ मुक्काम' हा सौम्य शब्द रूढ झाला आणि जपानी वृद्धांची पावले हळूहळू आग्नेय आशियाकडे वळली. त्यांच्याबरोबर युरोपीय, अमेरिकी आणि ऑस्ट्रेलियन निवृत्तही तेथे येत राहिले.

निवृत्तांच्या या मुक्कामासाठी ज्या उष्ण कटिबंधीय देशांची नावे आज घेतली जातात, त्यांत मलेशिया, फिलिपिन्स, पनामा यांच्याबरोबर थायलंडचे नाव हमखास असते. कारणे उघड आहेत. वयाची पन्नाशी पूर्ण केलेल्या परदेशी व्यक्तीला तेथे निवृत्त म्हणून राहण्याचा परवाना मिळू शकतो. खासगी रुग्णालये चांगली आहेत. घरभाडे पाश्चात्त्य देशांच्या मानाने बेताचे आहे. त्यामुळे देशाची निवड चटकन होते. अडते ते शहरापाशी. चियांग माई, हुआ हिन, पट्टाया, फुकेत आणि बँकॉक ही नावे पुन्हा पुन्हा पुढे येतात आणि त्यांना गुण देऊन क्रम लावणाऱ्या याद्यांचा तर सुकाळच आहे. या याद्यांची गोम अशी, की त्या हवामानाची, खर्चाची वर्षभराची सरासरी सांगतात. निवृत्ताला मात्र शहराचा सर्वांत वाईट महिनाही तेथेच काढायचा असतो आणि स्वतःच्या आयुष्यातील सर्वांत वाईट दिवसही.

चियांग माईचेच उदाहरण घ्यावे. उत्तर थायलंडमधील हे शहर मेंगराय राजाने १२९६ साली वसवले. जुन्या शहराभोवतीचा चौकोनी खंदक आजही पाण्याने भरलेला असतो. पश्चिमेला दोई सुथेपचा हिरवा डोंगर उभा आहे. गल्लोगल्ली बौद्ध विहार आहेत. समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचीवरील या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा १५ अंशांच्या आसपास उतरतो. विद्यापीठ, वाचनालये, स्वस्त भोजनगृहे, परदेशी निवृत्तांची मंडळे असे सारे काही तेथे आहे. शहर पारखण्यासाठी येणारा मनुष्य बहुधा नोव्हेंबर ते जानेवारी या काळात येतो, आणि त्या काळात या शहराच्या प्रेमात न पडणे कठीण असते.

फेब्रुवारी सरता सरता चित्र पालटते. दोई सुथेप दिसेनासा होतो. सकाळी घराबाहेर पडल्यावर जळक्या पाल्याचा वास येतो आणि डोळे चुरचुरतात. मार्च-एप्रिलमध्ये जगातील सर्वाधिक प्रदूषित शहरांच्या दैनंदिन क्रमवारीत चियांग माई अनेकदा पहिल्या क्रमांकावर जाऊन बसते. यामागची कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. उत्तर थायलंडच्या डोंगरांवर पानगळीची जंगले आहेत. कोरड्या ऋतूत तेथे पाल्याचा थर साचतो आणि वणवे लागतात. काही वणवे लावले जातात, कारण आग जाऊन गेलेल्या जमिनीवर विशिष्ट रानअळंबी आणि रानभाजी चांगली मिळते, असा तेथील समज आहे. पशुखाद्यासाठी मक्याची लागवड डोंगरउतारांवर पसरली आणि पुढील पेरणीपूर्वी शेतातील धाटे जाळण्याची पद्धतही तिच्याबरोबर पसरली. शेजारच्या म्यानमार आणि लाओसमधील धूर सरहद्द ओलांडून येतो तो वेगळाच. चियांग माई डोंगरांनी वेढलेल्या बशीत वसलेले असल्याने आणि या दिवसांत वरच्या उबदार हवेचे झाकण खालच्या हवेवर बसत असल्याने धूर बाहेर पडत नाही. एप्रिलअखेरचे, मे महिन्याचे पाऊस पडेपर्यंत ही स्थिती कमी-अधिक प्रमाणात टिकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांनुसार हवेतील अतिसूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण चोवीस तासांच्या सरासरीने घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅमहून अधिक असू नये. थायलंडची स्वतःची मर्यादा ३७.५ इतकी सैल आहे. चियांग माईत वाईट दिवसांत हे प्रमाण शंभराच्याही वर जाते. तरण्याताठ्या माणसाला ही खोकल्याची साथ वाटेल. दमा, हृदयविकार किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असलेल्या सत्तरीतील व्यक्तीसाठी ते दोन महिने धोक्याचे असतात. तेथील नागरिकांनी २०२३ मध्ये सरकारविरुद्ध प्रशासकीय न्यायालयात धाव घेतली आणि जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाने पंतप्रधान व राष्ट्रीय पर्यावरण मंडळाला नव्वद दिवसांत तातडीची योजना आखण्याचा आदेश दिला. न्यायालयाच्या आदेशाने वणवे विझत नाहीत, हे वेगळे सांगायला नको. अनेक परदेशी रहिवासी या काळात शहर सोडून दक्षिणेकडील किनाऱ्यावर जातात. म्हणजे वर्षातून दोन महिने दुसऱ्या घराचे भाडे आले, आणि स्वस्ताईचा हिशेब करताना हा खर्च कोणीच धरत नाही. त्यातच ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंग नदीला विक्रमी पूर येऊन शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नदीकाठचे रम्य घर भाड्याने घेणाऱ्यांनी त्या पुराची रेषा भिंतीवर कुठवर आली होती, हे शेजाऱ्यांना विचारून घ्यावे.

मग समुद्रकिनारा बरा, असे वाटणे साहजिक आहे. पण किनाराही एकसारखा नाही. फुकेत हे बेट अंदमान समुद्रात आहे. कोकणाला झोडपणारा नैर्ऋत्य मोसमी पाऊसच मे ते ऑक्टोबर या काळात तेथे कोसळतो. समुद्र खवळतो आणि किनाऱ्यांवर धोक्याचे लाल बावटे लागतात. याउलट थायलंडच्या आखातातील सामुई बेटावर सर्वांत जास्त पाऊस नोव्हेंबरच्या सुमारास, ईशान्य वाऱ्यांबरोबर येतो. हुआ हिन हे या दोहोंपेक्षा वेगळे. त्याच्या पश्चिमेला म्यानमारच्या सरहद्दीवर तेनासेरिम डोंगररांग आहे. सह्याद्रीच्या पूर्वेकडील तालुके जसे पर्जन्यछायेत येतात, तसेच हुआ हिन त्या रांगेच्या आडोशाला येते. परिणामी ते देशातील कमी पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे.

हुआ हिनला राजघराण्याचा वारसा आहे. बँकॉकपासून सुमारे २०० किलोमीटरवर असलेले हे कोळ्यांचे गाव रेल्वे आल्यानंतर सरदार-उमरावांचे हवा खाण्याचे ठिकाण झाले. सातव्या रामा राजाने १९२० च्या दशकात येथे उन्हाळी राजवाडा बांधला आणि त्याला 'क्लाई कांगवोन', म्हणजे 'चिंतेपासून दूर' असे नाव दिले. २४ जून १९३२ रोजी बँकॉकमध्ये क्रांती होऊन अनियंत्रित राजसत्ता संपुष्टात आली, ती वार्ता राजाला याच राजवाड्यात मिळाली! पुढे भूमिबोल राजानेही उत्तरायुष्यातील काही वर्षे येथे घालवली. आजचे हुआ हिन शांत, सपाट आणि काहीसे झोपाळू आहे. गोल्फची मैदाने, रात्रीचा बाजार, पहाटे फिरायला लांबलचक वाळू आहे. खासगी रुग्णालयांची सोय आहे. मात्र गुंतागुंतीची शस्त्रक्रिया निघाली की रुग्णाला बँकॉकला हलवावे लागू शकते, आणि तो अडीच-तीन तासांचा रस्ता आहे. शांतता साठीतील जोडप्याला सुखद वाटते, पण दोघांपैकी एक मागे राहिल्यावर तीच अंगावर येते, याचाही विचार व्हायला हवा.

पट्टायाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तेथील रात्रीच्या बाजाराची कीर्ती सर्वदूर आहे. मात्र शहराच्या दक्षिणेकडील जोमतिएन भागात निवृत्तांची चांगली मोठी वस्ती आहे, रुग्णालये चांगली आहेत आणि बँकॉकचा सुवर्णभूमी विमानतळ मोटारीने दीड-दोन तासांवर आहे. फुकेत सुंदर आहे, महाग आहे आणि पर्यटकांसाठी चालवलेले आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तेथील पश्चिम किनारा उद्ध्वस्त केला होता. आता इशाऱ्याचे मनोरे उभे आहेत. चार दिवसांच्या सहलीला उत्तम असलेले गाव चोवीस वर्षे राहायला उत्तम असेलच असे नाही, याचे फुकेत हे ठळक उदाहरण मानता येईल.

राहिले बँकॉक. निवृत्तीच्या याद्यांत ते बहुधा खाली असते. गर्दी, उकाडा, भाडे ही त्याची कारणे. हिवाळ्यात तेथेही धुरकट हवा असते. शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंचीवर आहे आणि २०११ च्या महापुरात त्याच्या उपनगरांनी अनेक आठवडे पाणी पाहिले. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये झालेल्या भूकंपाने तेथील उंच इमारती हेलकावल्या आणि बांधकाम चालू असलेली एक सरकारी इमारत कोसळली. एवढे असूनही ऐंशीच्या वयाचा विचार केला, तर बँकॉकची बाजू वाटते तितकी लंगडी नाही. १९९९ पासून उन्नत रेल्वे आणि २००४ पासून भुयारी रेल्वे तेथे धावते. स्थानकाजवळ घर असेल, तर स्वतः वाहन न चालवता रुग्णालय, बँक, बाजार आणि परदेशी वकिलात गाठता येते. हृदयाचा किंवा कर्करोगाचा तज्ज्ञ त्याच शहरात असतो.

वाहन हा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण वृद्धापकाळात तोच निर्णायक ठरतो. चियांग माईत लाल रंगाचे 'सोंगथाओ', म्हणजे मागे दोन बाकडी टाकलेले टेम्पो, हीच काय ती सार्वजनिक वाहतूक. हुआ हिन आणि फुकेतमध्येही परिस्थिती फारशी निराळी नाही. त्यामुळे परदेशी मंडळी येताच दुचाकी भाड्याने घेतात. रस्ते अपघातांतील मृत्यूंच्या बाबतीत थायलंडची गणना जगातील वाईट देशांत होते आणि बळींमध्ये दुचाकीस्वारांचे प्रमाण मोठे असते. योग्य परवाना नसताना दुचाकी चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

शहर कोणतेही असो, परवान्याची अट मागे लागलेलीच असते. निवृत्त म्हणून दर वर्षी मुदतवाढ मिळवायची, तर थायलंडमधील बँकेत अर्जदाराच्या नावावर ८ लाख बात, म्हणजे २० लाख रुपयांहून अधिक रक्कम ठेवावी लागते, किंवा दरमहा ६५ हजार बातांचे उत्पन्न दाखवावे लागते. ठेवीची रक्कम अर्जाच्या दोन महिने आधीपासून खात्यात असावी लागते, मंजुरीनंतर तीन महिने तिला हात लावता येत नाही आणि उरलेल्या काळातही ती ४ लाखांच्या खाली जाऊ द्यायची नसते. अनेक जण ही ठेव म्हणजे अडीअडचणीची पुंजी समजतात. प्रत्यक्षात रुग्णालयाचे बिल भरण्यासाठी ती मोडली, की राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. अडचणीची पुंजी वेगळी हवी. याखेरीज दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो, आणि पुन्हा प्रवेशाची परवानगी न घेता देशाबाहेर पाऊल टाकले तर वर्षाची मुदतवाढ रद्द होते. ही कामे जेथे होतात ते कार्यालय घरापासून किती दूर आहे, हेही शहर निवडताना पाहायचे असते.

उत्पन्न मायदेशाच्या चलनात आणि खर्च बातमध्ये, ही दुसरी मेख. ब्रिटिश निवृत्तांची कथा या बाबतीत बोलकी आहे. २००५ च्या सुमारास एका पौंडाला सत्तरच्या वर बात मिळत. २०१६ च्या ब्रेक्झिट मतदानानंतर तो दर चाळीस-पंचेचाळीसवर आला. शिवाय ब्रिटनचे सरकारी निवृत्तिवेतन थायलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी गोठवले जाते. मायदेशातील पेन्शनरांना दर वर्षी मिळणारी वाढ त्यांना मिळत नाही. साठाव्या-पासष्टाव्या वर्षी ऐटीत राहणारा मनुष्य पंच्याहत्तरीत परवान्याची रक्कम कशीबशी जुळवताना दिसतो तो यामुळे. करांचे नियमही बदलले आहेत. वर्षातून १८० दिवस किंवा अधिक काळ थायलंडमध्ये राहणारी व्यक्ती तेथील करदाती रहिवासी ठरते आणि १ जानेवारी २०२४ पासून मिळवलेले परदेशी उत्पन्न तिने देशात आणले, तर ते करपात्र होते. पूर्वी उत्पन्न एक वर्ष बाहेर ठेवून मग आणण्याची जी पळवाट होती, ती बंद झाली.

आजारपणाचा प्रश्न याहून गहन आहे. थायलंडची २००२ पासूनची सार्वत्रिक आरोग्य योजना थाई नागरिकांसाठी आहे. निवृत्त परदेशी तिच्यात येत नाहीत. अमेरिकी वृद्धांची मेडिकेअर योजना सर्वसाधारणपणे परदेशात लागू होत नाही. खासगी विमा घ्यावा, तर सत्तरीनंतर नवी पॉलिसी मिळणे दुरापास्त होते आणि जुने आजार वगळले जातात. अशा वेळी सरकारी व विद्यापीठीय रुग्णालये हा उपयोगी पर्याय असतो. तेथे परदेशी रुग्णाला पैसे मोजावे लागतात, रांग मोठी असते, पण बिल खासगी रुग्णालयाच्या मानाने बरेच कमी येते. चियांग माईतील विद्यापीठाचे रुग्णालय, ज्याच्या नावातील 'महाराज नकोर्न'मध्ये आपले महाराज आणि नगर हे दोन्ही शब्द दडलेले आहेत, ते उत्तर थायलंडमधील मोठे शिक्षण-रुग्णालय आहे. ही सोय हुआ हिनला नाही.

आणि विस्मरणाचा आजार जडला तर? या बाबतीत चियांग माईने बाकीच्या शहरांवर मात केली आहे. स्वित्झर्लंडचे मार्टिन वूडट्ली यांनी अल्झायमर झालेल्या आपल्या आईला तेथे आणले आणि त्या अनुभवातून या शतकाच्या आरंभी 'बान कामलांगचाय' हे शुश्रूषागृह उभे केले. तेथे एका रुग्णामागे आळीपाळीने तीन सेविका असतात. युरोपात एवढे मनुष्यबळ सामान्य निवृत्ताला परवडणे अशक्यच. त्याच शहरात पिंग नदीतील एका बेटावर अमेरिकी मिशनरी डॉक्टर जेम्स मॅकीन यांनी १९०८ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय काढले होते. कुष्ठरोग आटोक्यात आल्यावर त्याच आवारात पुनर्वसन केंद्र आणि वृद्धांसाठी निवासाची सोय झाली. ज्या शहरात मार्च महिन्यात श्वास घेणे कठीण, त्याच शहरात म्हातारपणी हात धरायला माणूस मिळतो, असा हा पेच आहे.

घर विकत घेण्याची घाई मात्र कोठेच करू नये. परदेशी व्यक्तीला थायलंडमध्ये सहसा जमीन विकत घेता येत नाही. सदनिका घेता येते, पण एका इमारतीतील एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच परदेशी मालकी चालते. जमीन जास्तीत जास्त तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळते. स्थानिक माणसांची नावे पुढे करून कंपनी काढायची आणि तिच्या नावे जमीन घ्यायची, हा मार्ग सुचवणारे दलाल भेटतात. तो बेकायदा आहे. भाड्याचे घर घ्यावे आणि त्या शहरात एक संपूर्ण वर्ष काढावे. वर्षाची सुरुवात चियांग माईत मार्चमध्ये, फुकेतमध्ये जूनमध्ये आणि बँकॉकमध्ये एप्रिलच्या उकाड्यात केलेली बरी.

पती-पत्नी दोघे जात असतील, तर आणखी एक गोष्ट आधी निस्तरावी लागते. अनेकदा ठेव पतीच्या नावावर असते आणि पत्नी त्याच्यावर अवलंबून म्हणून राहत असते. पतीचे निधन झाले की तिच्या परवान्याचा आधार जातो. आणि वारसाची न्यायालयीन प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत बँक खात्यातील पैसेही सहसा हाती येत नाहीत. दुःखाच्या त्या आठवड्यांत परक्या भाषेतील कचेऱ्यांचे उंबरठे झिजवण्याची पाळी येते. दोघांची स्वतंत्र खाती, शक्य झाल्यास दोघांचे स्वतंत्र परवाने आणि थायलंडमधील मालमत्तेपुरते थाई भाषेतील मृत्युपत्र, एवढी तजवीज असेल तर हा प्रसंग बराच सुसह्य होतो. अखेरच्या अवस्थेत केवळ आयुष्य लांबवणारे उपचार नकोत, असे आधी लिहून ठेवण्याचा अधिकार थायलंडच्या २००७ च्या राष्ट्रीय आरोग्य कायद्याने दिला आहे. ही इच्छा लिहून रुग्णालयात देता येते.

मुंबई-पुण्याकडील काही निवृत्तही आता या वाटेची चौकशी करू लागले असतील, तर त्यांच्यासाठी हिशेब थोडा वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. त्या मर्यादेत ही ठेव सहज बसते. परंतु भारतातील बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी देशाबाहेरच्या उपचारांचा खर्च देत नाहीत. परदेशी वास्तव्य कायमचे झाले की निवासी बचत खात्याचे अनिवासी खात्यात रूपांतर करून घ्यावे लागते. शाकाहारी माणसाला माशाच्या सॉसपासून सुटका हवी असेल, तर पाहुरातची जुनी भारतीय पेठ आणि गुरुद्वारा असलेले बँकॉक अधिक सोयीचे. आणि दर नोव्हेंबरात द्यावा लागणारा पेन्शनरांचा हयातीचा दाखला भारतीय वकिलातीतून मिळू शकतो. त्यासाठी मुंबईचे विमान पकडावे लागत नाही.